पैसे कुणाच्या हातात? हंसा वाडकर आणि सांगलीतलं एक अभिवाचन

सांगलीतला एक हौशी नाट्यगट दरवर्षी ५ नोव्हेंबरच्या आगेमागे, रंगभूमी दिनाच्या आठवड्यात, काहीतरी सादर करतो. कधी एकांकिका, कधी नाट्यगीतं. गाठीला पैसे नसले की अभिवाचन. त्या वर्षी पैसे नव्हते. तासाभराचं अभिवाचन करायचं ठरलं आणि विषय निघाला जुन्या मराठी सिनेमातल्या नटी हंसा वाडकर यांचा. संहिता गटातल्या निवृत्त प्राध्यापकांनी लिहायची, वाचायला चौघं, बसायला स्टुलं, मागं साधा पडदा. संयोजन माझ्याकडे होतं, म्हणजे हॉल, माइक, चहा आणि भांडणं.

भांडण पहिल्याच वाचनाला झालं. ते का झालं आणि संहिता त्यातून कशी पालटली, एवढाच या टिपणाचा विषय आहे. गटाचं नाव मुद्दाम देत नाही, माणसांचीही नाही.

आधी गावाबद्दल

१८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते इथंच, म्हणून सांगली स्वतःला नाट्यपंढरी म्हणवते. नाटककार देवल शेजारच्या हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचेच, बालगंधर्व याच जिल्ह्यातल्या नागठाण्याचे. या यादीत बाई कुठंच नाही हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. भाव्यांच्या नाटकात सीतासुद्धा पुरुषानंच केली. बालगंधर्वांचा शालू आणि त्यांची चाल यांवर इथला जुना प्रेक्षक अजून तासभर बोलेल. खरीखुरी बाई तोंडाला रंग लावून उभी राहिली की मात्र त्याच प्रेक्षकाला आधी तिच्या घरची माहिती हवी असते. विषय जाहीर झाल्यावर आमच्याच एका ज्येष्ठ सभासदांचा फोन आला, "नाट्यपंढरीत सिनेमाची नटी कशाला?" हंसाबाईंनी रंगभूमीवरही कामं केली होती हे त्यांना सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "ते असू दे. पण बाकीचं?"

त्या 'बाकीच्या'वरच पुढं सगळं अडलं.

पहिली संहिता

सरांनी मेहनत घेतली होती यात वाद नाही. हंसाबाईंचं आत्मकथन आधी 'माणूस' साप्ताहिकातून आलं, १९७० साली 'राजहंस'नं 'सांगत्ये ऐका' या नावानं ते पुस्तकरूपात काढलं, शब्दांकन अरुण साधू यांचं. सरांनी ते कोळून प्यायलं होतं. पण प्रकरणं त्यांनी पुरुषांच्या हिशेबानं पाडली. वडील. नवरा. स्टुडिओतले लोक. मराठवाड्यात घेऊन गेलेला गृहस्थ. शेवटी दारू, आजार आणि १९७१ सालचा मृत्यू. ऐकताना वाटे की ही बाई आयुष्यभर एका पुरुषाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात जात राहिली आणि मधल्या वेळात थोडे सिनेमे केले.

ज्येष्ठ मंडळींना दारूचा भाग नको होता. शाळेतली मुलं येतात, बायका येतात, शोभत नाही, वगैरे. तरुणांचं नेमकं उलट. दारू हवीच, मराठवाड्याचा प्रसंग सविस्तर हवा, ही बाई बेधडक होती तर आपण का लाजायचं? अर्धा-पाऊण तास गरमागरमी झाली. माझं म्हणणं, दोन्ही बाजू एकाच जागी उभ्या होत्या. तिची घसरण हाच विषय, हे दोघांनीही धरूनच चाललेलं. ती झाकायची की दाखवायची एवढाच वाद.

वाचणाऱ्या चौघांतली सगळ्यात लहान मुलगी कॉलेजात शिकते आणि मधूनमधून मालिकेत छोटी कामं करते. हल्ली सातारा-वाईकडं आणि कोल्हापुरात चित्रीकरणं चालू असतात, त्यामुळं आमच्या भागातल्या पोरांना असली कामं मिळतात. ती इतका वेळ गप्प होती. मग पान उलटत म्हणाली, "सर, हिचं पैसं कुणाच्या हातात जायचं?"

सरांनी चष्मा काढला. संहितेत कुठंच ते नव्हतं.

मग आयुष्य पुन्हा वाचलं

त्या प्रश्नानं मांडणी बदलायला लागली, कारण पैशाचा धागा धरला की याच आयुष्याचा क्रम वेगळा दिसतो.

मूळ नाव रतन भालचंद्र साळगावकर. घराणं कलावंतिणीचं. 'वाडकर' हे आडनाव घरातूनच आधी सिनेमात गेलेल्या इंदिरा वाडकरांचं. 'विजयाची लग्ने' हा पहिला बोलपट १९३६ चा, तेव्हा रतन बारा-तेरा वर्षांची होती. शाळा सुटली आणि हंसा वाडकर हे नाव लागलं. घर चालवायला हातात पैसा हवा होता आणि घरातलं सगळ्यात कमावतं माणूस परकर-पोलक्याच्या वयातली पोर ठरली.

इथं कायद्याची एक गोष्ट आम्ही संहितेत घातली आणि तिच्यामुळं ऐकणारे दचकले. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे वयानं सज्ञान न झालेल्या, व्यक्तीला करार करताच येत नाही, तसा करार मुळातच रद्दबातल ठरतो. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयानं, ते स्पष्टही करून टाकलं. म्हणजे त्या वयाच्या मुलीचं काम ठरवणार मोठी माणसं आणि पैसेही घेणार तीच. याला कुणी फसवणूक म्हणत नसे, रीतच ती होती. आजचे नियम त्याच्या शेजारी ठेवले. २०१७ च्या नियमांप्रमाणं बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि त्याच्या कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावे मुदतठेवीत टाकावा लागतो. पाळतात किती हा वेगळा प्रश्न. पण रतन साळगावकरच्या वेळी मोडायलासुद्धा असा नियम नव्हता.

पुढं बॉम्बे टॉकीज ही मुंबईची चित्रपट कंपनी. 'नवजीवन' आणि 'दुर्गा' १९३९ चे, 'आझाद' १९४० चा. मालाडला देविकाराणींच्या स्टुडिओत कलाकार मासिक पगारावर असत, अगदी गिरणीत किंवा कचेरीत असावेत तसे. पहिल्या तारखेला ठरलेली रक्कम, बाहेर काम करायला मनाई. या पद्धतीला लोक नावं ठेवतात, पण तिच्यात एक सोय होती. भाव रोज करावा लागत नसे. युद्धानंतर स्टुडिओंचं हे राज्य मोडलं, ज्याच्या-त्याच्याशी एकेका चित्रपटाचा ठोक सौदा सुरू झाला, आणि नटीच्या वतीनं बोलणी करणारा पुरुष ही एक नवी गरज उभी राहिली. बहुतेक घरांत हा पुरुष आयताच मिळे. नवरा.

हंसाबाईंचं लग्न कोवळ्या वयात जगन्नाथ बांदरकर यांच्याशी झालं. आता काम सुटेल, संसार करीन, अशी तिची अपेक्षा होती. काम सुटलं नाही. आधी माहेर तिच्या कमाईवर होतं, मग सासरही झालं. आमच्या मते या आयुष्याचं सगळ्यात मोठं वळण हेच. सरांच्या पहिल्या संहितेत त्याला तीन ओळी होत्या आणि मराठवाड्याला पाच पानं.

सखू

आता ज्या भागावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला तो. १९४१ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीनं 'संत सखू' काढला. दिग्दर्शक दामले, फत्तेलाल आणि राजा नेने. सखू झाल्या हंसाबाई. वय अठराच्या आसपास.

सखू आपल्याकडचीच, कराडची. कृष्णाकाठची. सांगलीला जे पाणी येतं ते तिच्या गावावरून येतं. सासरी छळ, दिंडीबरोबर पंढरीला निघाली म्हणून खांबाला बांधून ठेवलेली, आणि मग विठोबा तिचं रूप घेऊन घरात आला, दळलं, कांडलं, पाणी भरलं, सासूचे शब्द ऐकून घेतले. सखू तेवढ्यात पंढरपूरला पोचली. ही कथा आमच्या भागात लहानपणापासून ऐकलेली असते, त्यामुळं सरांनी तिथं भक्तिरस भरपूर ओतला होता. मागं टाळ, मध्येच अभंगाची ओळ.

तालमीत ती मुलगी हा भाग वाचायला बसली. एक सांगायचं म्हणजे तिचा आवाज मोठा नाही, माइकजवळ ओढावा लागतो. टाळ आम्ही त्या दिवशी आणलेच नव्हते. तिनं "दळण झालं, पाणी झालं, भांडी झाली, धुणं झालं" असं सपाट, घरातल्या कामांची यादी वाचावी तसं वाचलं, थांबली, आणि पुढची ओळ होती ती चित्रपटाच्या सालाची. "१९४१. प्रभात. पुणे." विठोबा आणि पगार एका श्वासात आले. कुणी हसलं नाही. सखूचं काम करायला देव तरी आला, हिच्या बदली कुणीही कामावर जाणार नव्हतं, ही गोष्ट लिहून दाखवायची गरजच उरली नाही. सरांनी स्वतःच पेन्सिलनं अभंगाची ओळ कापली. सरांना ओळखणाऱ्यांना कळेल की ही साधी गोष्ट नाही.

टाळ प्रयोगातही वाजले नाहीत.

तमाशापटांची वर्षं

१९४७ चा 'लोकशाहीर राम जोशी' हा व्ही. शांताराम यांच्या राजकमलचा चित्रपट. राम जोशी झाले जयराम शिलेदार, बया झाल्या हंसाबाई. मराठी तमाशापटांची लाट इथून धरली जाते. मग १९५० चा 'पुढचं पाऊल', राजा परांजपे यांचं दिग्दर्शन, सोबत पु. ल. देशपांडे. हा काळ भराचा. सिनेमागणिक सांगण्यासारखं बरंच आहे, पण अभिवाचनात आम्ही तो झटकन उरकला, कारण यशाच्या वर्षांत पैशाचा प्रश्न कुणी विचारत नाही. घरात येत असतो, मुरत असतो.

थांबलो ते १९५९ वर. 'सांगत्ये ऐका', दिग्दर्शक अनंत माने. सांगली जिल्ह्याला या चित्रपटावर हक्क सांगायचाच असेल तर आधार भरपूर आहे. गीतं गदिमांची, पटकथा-संवाद व्यंकटेश माडगूळकरांचे, दोघे भाऊ आटपाडीकडच्या माडगूळचे. 'बुगडी माझी सांडली गं' गायलं आशा भोसले यांनी, त्यांचा जन्म सांगलीचा. संगीत वसंत पवारांचं. चित्रपट पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. अडीच वर्षं एका थिएटरात एक चित्रपट, आज सांगून पोरांना खरं वाटत नाही.

'बुगडी' चित्रित झाली जयश्री गडकरांवर. त्या विशीच्याही अलीकडच्या, हंसाबाई पस्तिशी ओलांडलेल्या. नटीच्या धंद्यात हा हिशेब क्रूर आणि अगदी रोजचा आहे. पुरुष नट पन्नाशीत नायक राहतो, बाईच्या हातून लावणी निघून जाते. पण आम्हाला दुसरी गोष्ट जास्त बोचली. चित्रपट एक आठवडा चालो नाही तर १३१, ठोक रकमेवर काम केलेल्या कलाकाराला त्या चालण्यातलं काही मिळत नसे. नफा निर्मात्याचा, वितरकाचा, थिएटरवाल्याचा. नटीला मिळे ते नाव, आणि नावावर पुढचं काम मिळेल ही आशा. हंसाबाईंनी आत्मकथनाला याच चित्रपटाचं नाव दिलं. निदान तेवढं तरी आपलं म्हणून उचलून घेतलं, असं सर म्हणाले. मला ते जरा नाटकी वाटलं, पण संहितेत राहिलं.

मराठवाडा आणि दारू

हे दोन्ही भाग आम्ही ठेवले. किती, यावर पुन्हा घासाघीस झाली.

संसाराला आणि कामाला विटून त्या एका गृहस्थाबरोबर मराठवाड्यातल्या एका गावी गेल्या. तिथं त्याच्या आधीच्या बायका होत्या, घराबाहेर पडायची मुभा नव्हती. काही वर्षांनी नवऱ्याला कळवून तिथून सुटका झाली, आणि त्या सुटकेतही तिच्यावर अत्याचार झाला. आत्मकथनात त्यांनी हे लपवलेलं नाही. तरुण मंडळींना हा प्रसंग संवाद लिहून करायचा होता. मी विरोध केला. ज्या बाईनं स्वतः साध्या शब्दांत सांगितलं तिच्या तोंडी आपण रचलेलं रडगाणं घालणं मला पटेना. शेवटी निवेदन ठेवलं, थोडकं.

पण पैशाच्या धाग्यात हा भाग अचानक नीट बसला. तेवढा एकच काळ असा की त्या कमावत नव्हत्या, आणि त्या काळात त्यांना उंबरठाही ओलांडता येत नव्हता. घरी राहायचं स्वप्न असं पुरं झालं. परत आल्या त्या पुन्हा कॅमेऱ्यापुढंच.

दारूला दोन वाक्यं. ज्येष्ठांचं समाधान झालं नाही, तरुणांचंही नाही. बरोबर प्रमाण सापडल्याची ही एक खूण असावी.

परवानगीचं

हे कंटाळवाणं आहे, पण असा प्रयोग करू पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडेल. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. हंसाबाई २३ ऑगस्ट १९७१ ला गेल्या. नुसत्या त्यांच्या नावानं धरलं तरी हक्क २०३१ अखेरपर्यंत आहे, आणि शब्दांकन करणारे साधू २०१७ मध्ये गेले, त्यांचा वाटा धरला तर त्याहून कितीतरी पुढं. म्हणजे पुस्तकातली पानंच्या पानं व्यासपीठावर वाचायची तर रीतसर परवानगी हवी. आमच्याकडे वेळ नव्हता, म्हणून सगळं निवेदन स्वतःच्या शब्दांत लिहिलं. त्याचा फायदाच झाला, सरांना त्या शैलीची नक्कल करता आली नाही. याच आत्मकथनावर बेतलेल्या श्याम बेनेगलांच्या १९७७ च्या 'भूमिका' चित्रपटातले प्रसंग पडद्यावर दाखवावेत अशीही सूचना आली होती. त्याला परवानगी लागलीच असती, शिवाय लोक हंसाबाईंना विसरून स्मिता पाटलांना बघत बसले असते. त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो रास्तच होता. पण आमचा विषय तो नव्हता.

प्रयोग आणि नंतर

प्रयोग झाला. हॉल भरला नव्हता, रिकामाही नव्हता. नवी संहिता अशी होती की प्रत्येक भागाच्या तोंडाला चौघांपैकी एकानं विचारायचं, "सौदा कुणी केला?" उत्तर दुसऱ्यानं द्यायचं. कधी आई-वडील, कधी स्टुडिओ, कधी नवरा. आत्मकथनापाशी आल्यावर हाच प्रश्न आला आणि उत्तर कुणी दिलं नाही. तिथं मागच्या रांगेतून एक बाई मोठ्यानं "तिनं" म्हणाल्या. हे ठरवलेलं नव्हतं. सरांना पुढचं पान लवकर मिळेना.

'बाकीचं?' विचारणारे ज्येष्ठ सभासद आले होते. निघताना म्हणाले, बरं झालं, पण गाणी हवी होती. त्यांच्या बाजूनं एवढं म्हणायला हवं की गाणी हवीच होती. तासभर नुसतं बोलणं सांगलीच्या प्रेक्षकाला जड जातं, निदान एक लावणी पेटीवर वाजवून घ्यायला हरकत नव्हती.

त्या मुलीचं पुढं काय झालं असं गटाबाहेरचे लोक विचारतात, म्हणून लिहितो. मालिकेच्या कामाचे पैसे आधी वडिलांच्या खात्यात जात. तिनं स्वतःच्या नावाचं खातं उघडलं, आता पैसे तिथं येतात. एटीएम कार्ड भावाकडं असतं, कारण क्लासची फी आणि गाडीचे हप्ते तोच भरतो. निर्मितीवाल्यांचे फोन अजून वडीलच घेतात. तिला यात फार गैर वाटत नाही. "घरचीच हायत की, सर," म्हणते. यावर काय बोलावं हे गटातल्या कुणालाच सुचलं नाही, आणि बोलायचा आम्हाला अधिकार होता असंही नाही. तालमीला यायचे तिचे रिक्षाचे पैसे मात्र आता आम्ही तिच्या हातात देतो. आधी सगळ्यांचा प्रवासखर्च एकत्र काढून तिच्या वडिलांच्या दुकानात ठेवत होतो.

कराडच्या एका मंडळानं प्रयोग मागितला आहे. त्यांना सखूचा भाग वाढवून हवा, टाळ-अभंगासकट, आणि मराठवाड्याचा काढून. सखू वाढवायला सर राजी आहेत, टाळांनाही. मराठवाडा काढायला ती मुलगी तयार नाही, आणि तो भाग वाचते तीच. तारीख अजून कळवलेली नाही.